स्वतंत्र इलेक्ट्रॉनिक बँड गप्प का होतात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बँड संपणं आणि बँड गप्प होणं यात फरक काय?

संपलेला बँड तसं सांगतो. ब्रिटनच्या केएलएफने १९९२मध्ये निवृत्ती जाहीर केली आणि स्वतःच्याच लेबलवरच्या रेकॉर्ड तिथल्या बाजारातून काढून घेतल्या. त्यांची गाणी स्ट्रीमिंगवर यायला २०२१ उजाडलं. स्वीडनच्या 'द नाइफ' या बहीणभावाच्या जोडीने २०१४मध्ये दौरा संपवून काम थांबवलं. हे निर्णय होते.

गप्प झालेला बँड काहीच सांगत नाही. शेवटची पोस्ट 'नवीन काम सुरू आहे, लवकरच' अशी असते आणि बहुतेक वेळा ती खरीही असते. काम सुरू असतं, पुरं होत नाही. या पानावरचे बहुतेक प्रश्न या दुसऱ्या प्रकाराबद्दल आहेत, कारण छोट्या बँडांच्या बाबतीत नेहमी तेच घडतं. निरोप द्यायलाही कुणीतरी बसून चार ओळी लिहाव्या लागतात, आणि ते करणारा माणूसच सगळ्यांत आधी दमलेला असतो.

किती वर्षं शांतता असली म्हणजे बँड संपला समजावं?

वर्षं मोजून कळत नाही. पोर्टिसहेडच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या अल्बममध्ये ११ वर्षं गेली (१९९७ ते २००८). बोर्ड्स ऑफ कॅनडाचा एक अल्बम २००५मध्ये आला आणि पुढचा २०१३मध्ये. एफेक्स ट्विनने २००१नंतर त्या नावाचा पुढचा अल्बम २०१४मध्ये काढला. पण यांच्या मागे लेबल होतं आणि जुने अल्बम मधल्या काळात विकले जात होते. लहान बँडला तेवढी उसंत मिळत नाही.

वर्षांपेक्षा या गोष्टी बघा: वेबसाइटचं डोमेन अजून त्यांच्याच नावावर आहे का, दुकानातून मागवलेली कॅसेट किंवा रेकॉर्ड पोचते का, स्ट्रीमिंगवरचे अल्बम एकेक करून करडे पडतायत का (नाव दिसतं, पण वाजत नाही). शेवटची खूण सगळ्यांत बोलकी. बँडची गाणी स्ट्रीमिंग सेवांवर चढवणाऱ्या आणि वार्षिक शुल्क घेणाऱ्या बऱ्याच डिस्ट्रिब्यूटरांकडे शुल्क थांबलं की गाणी खाली उतरतात. कार्डाची मुदत संपली, सूचना जुन्या ईमेलवर गेली, तो ईमेल कुणी उघडत नाही; बँडने काहीही ठरवलेलं नसताना अल्बम गायब.

कल्पना आटतात म्हणून बँड थांबतात, असं म्हणतात. खरं आहे का?

क्वचित. थांबलेल्या बँडची हार्ड डिस्क उघडली तर तिच्यात पन्नासेक सुरुवाती सापडतील. अडचण उलटी आहे. गिटार-ड्रम्सच्या बँडला गाणं एकदा तरी सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवावंच लागतं. इलेक्ट्रॉनिक कामात तशी सक्ती नसते. लूप म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारा तुकडा. १२० बीपीएमला (मिनिटाला १२० ठोके) आठ बारचा, म्हणजे चार-चार ठोक्यांच्या आठ आवर्तनांचा, लूप फक्त १६ सेकंदांचा. तो रात्रभर फिरत राहतो, प्रत्येक फेरीत एखादा थर वाढतो आणि कानाला वाटतं की काम पुढे सरकतंय. दोनशेव्यांदा ऐकताना तोच लूप शिळा लागतो, मग नवा सुरू होतो.

यावर एक साधा उपाय चालतो. लूप थोडा भरला की त्याच बैठकीत तो १५० बारपर्यंत पसरून टाका (१२०ला बरोबर पाच मिनिटं) आणि मग फक्त काढत जा: पहिल्या १६ बारमधून किक (मोठा ड्रम), मध्ये बेस, शेवटी हाय-हॅट (झांज). नवीन चॅनेल (एकेका आवाजाची पट्टी) उघडायचा नाही. कच्चा का होईना, सुरुवात-मध्य-शेवट असलेला सांगाडा त्याच दिवशी एक ऑडिओ फाइल म्हणून बाहेर काढा. दुसऱ्या दिवशी ती फाइल ऐकायची, सॉफ्टवेअरमधला प्रोजेक्ट उघडायचा नाही.

मग काम नेमकं कुठे अडतं?

मिक्स आणि रिलीज यांच्या मधल्या पट्ट्यात. अंतिम मिक्स (सगळ्या थरांचा मेळ) ठरवणं, मास्टरिंग (त्यावरचा शेवटचा हात), मुखपृष्ठाची ३००० × ३००० पिक्सेलची प्रत, प्रत्येक ट्रॅकचा आयएसआरसी (ध्वनिमुद्रणाची ओळख सांगणारा) क्रमांक, कुणाचा किती वाटा याची नोंद, सॅम्पलची (दुसऱ्याच्या रेकॉर्डमधून उचललेल्या तुकड्याची) परवानगी, डिस्ट्रिब्यूटरकडे अपलोड, दुकानाचं पान, चार जणांना पाठवायचे मेल. यात अवघड काही नाही, पण संगीतही काही नाही. शिवाय तारखा पाळाव्या लागतात: स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं सुचवायचं तर ते रिलीजच्या किमान सात दिवस आधी व्हावं लागतं, म्हणून अपलोड तीन-चार आठवडे आधीच केलेलं बरं.

दोन-तीन जणांच्या बँडमध्ये हा सगळा पसारा एकाच्याच गळ्यात पडतो. ठरवून नव्हे, तो पहिल्या वेळी 'मी बघतो' म्हणाला म्हणून. त्याची नोकरी बदलली, घरी मूल आलं, कुणी आजारी पडलं, की बँड थांबतो. दुसऱ्याकडे पासवर्डही नसतात. बाहेरून ते मतभेदासारखं दिसतं, आत भांडणबिंडण काही झालेलं नसतं.

कामं दोघांत वाटायची असतील तर 'संगीत तुझं, बाकी माझं' अशी वाटणी करू नका. ती वर्षभरात फाटते. एका रिलीजची सगळी बाहेरची कामं एकाने करावीत, पुढच्या रिलीजची दुसऱ्याने. पहिल्याने केलेली प्रत्येक पायरी एका फाइलमध्ये लिहून ठेवावी, नाहीतर दुसऱ्याची पाळी येतच नाही.

पैसे हे खरं कारण नाही का?

आहे, पण 'पैसे मिळत नाहीत' यापेक्षा 'पैसे अडकून पडतात' हे जास्त खरं. स्ट्रीमिंगवरून लहान बँडचं पोट कधीच भरत नव्हतं. २०२४पासून स्पॉटिफायवर मागच्या १२ महिन्यांत किमान १००० वेळा न ऐकल्या गेलेल्या ट्रॅकला रेकॉर्डिंगचं मानधनच मिळत नाही. बँडकॅम्प हे ऑनलाइन दुकान डिजिटल विक्रीवर १५ टक्के घेतं, वस्तूंवर १० टक्के, त्यामुळे थेट विक्रीत हाती बरंच राहतं. आणि नेमक्या याच टप्प्यावर बँड व्हायनिल रेकॉर्ड काढायचं ठरवतो.

१२ इंची रेकॉर्डची एक बाजू ३३⅓ आरपीएमला १८ ते २० मिनिटांपर्यंत चांगली वाजते. त्यापुढे खाचा जवळ आणाव्या लागतात, आवाजाची पातळी उतरते, बेस पातळ होतो. म्हणजे ४८ मिनिटांचा अल्बम एका तबकडीवर नीट मावत नाही, दोन लागतात आणि खर्च जवळपास दुप्पट होतो. बेस डाव्या-उजव्या बाजूंना पसरलेला असेल तर सुई उडते. साधारण १५० हर्ट्झच्या खालचं सगळं मोनो (दोन्ही बाजूंना एकसारखं) करून पाठवायला हवं. हे टेस्ट प्रेसिंग (चाचणीची प्रत) हातात आल्यावर कळलं तर कटिंग (मूळ तबकडीवर खाचा कोरणं) पुन्हा, आठवडे पुन्हा. समजा ३०० प्रती काढल्या आणि १२० खपल्या. उरलेल्या १८० प्रतींमध्ये पुढच्या अल्बमचे पैसे बंद झालेले असतात. खोकी पलंगाखाली असेपर्यंत नवीन काही काढायला मन धजत नाही.

बाहेरचे धक्के वेगळेच. ऑगस्ट २०११मध्ये लंडनच्या दंगलीत एन्फिल्डचं सोनीचं गोदाम जळालं आणि पियास या वितरकाकडे असलेला शंभराहून अधिक स्वतंत्र लेबलांचा साठा त्यात गेला. फेब्रुवारी २०२०मध्ये कॅलिफोर्नियातला अपोलो मास्टर्सचा कारखाना जळाला, आणि कटिंगसाठी लागणाऱ्या लॅकर डिस्क बनवणारे जगात मोजकेच असल्याने सगळ्यांनाच त्याची झळ बसली.

लाइव्ह वाजवणं का सुटतं?

६० चॅनेलचा ट्रॅक स्टेजवर तसाच नेता येत नाही, म्हणून. तो पुन्हा बांधावा लागतो, आणि हे काम प्रत्येक नव्या गाण्यागणिक वाढतं. सहा ते आठ स्टेमवर (वेगवेगळ्या ऑडिओ फाइलींवर) आणा: किक, बाकीचा ताल, बेस, कॉर्ड, लीड, आवाजाचे थर, इफेक्ट. हाताने वाजवायचं तेवढं यातून वगळा. बफर (संगणक आवाज ज्या तुकड्यांत हाताळतो त्याची लांबी) २५६ सॅम्पलवर, म्हणजे आवाजाच्या २५६ मोजमापांवर, ठेवला तर ४४.१ किलोहर्ट्झला ५.८ मिलिसेकंद विलंब येतो. इंटरफेसचा (लॅपटॉपमधून आवाज बाहेर काढणाऱ्या यंत्राचा) स्वतःचा थोडा विलंब त्यात मिळवूनही कीबोर्ड वाजवणाऱ्याला तो खुपत नाही. सगळं आधीच रेकॉर्ड केलेलं असेल तर ५१२ ठेवा आणि निर्धास्त राहा.

नेहमीचा बिघाड म्हणजे घुरघुर. लॅपटॉपचा चार्जर आणि मिक्सर वेगवेगळ्या ठिकाणी अर्थिंगला जोडले गेले की ग्राउंड लूप तयार होतो. चार्जर काढला की घुरघुर जाते, आणि चाळीस मिनिटांत बॅटरीही जाते. इंटरफेसच्या आउटपुटला ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (सिग्नल विजेच्या जोडणीपासून वेगळा करणारी डबी) लावून त्याचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. प्लगची अर्थिंगची पिन काढण्याचा 'उपाय' कुणी सुचवला तर ऐकू नका, त्यात जीव जातो.

कानांचं गणितही घालून ठेवा. ८५ डेसिबल आठ तास चालतात. दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला १५ मिनिटं. कान सतत वाजू लागला की मिक्सिंग सुटतं. याबद्दल कलाकार सहसा उघड बोलत नाहीत.

जुने प्रोजेक्ट उघडत नाहीत. हे खरंच बँड बंद पडण्याचं कारण असू शकतं?

आमच्या मते सगळ्यांत दुर्लक्षित कारण हेच. इलेक्ट्रॉनिक गाणं पूर्ण होईपर्यंत ते 'रेकॉर्डिंग' नसतंच. तो त्या दिवशीच्या संगणकाचा, प्लगइनचा (संगीत सॉफ्टवेअरला जोडायच्या वाद्य-इफेक्टच्या प्रोग्रामांचा) आणि सेटिंगचा मेळ असतो. दोन वर्षं काम बाजूला राहिलं की तो मेळ मोडतो. ऑक्टोबर २०१९मध्ये मॅकओएस कॅटलिना आलं आणि ३२-बिट प्लगइन चालेनासे झाले. स्टाइनबर्ग कंपनीने व्हीएसटी२ या जुन्या प्लगइन प्रकाराचे नवे परवाने २०१८मध्ये थांबवले. कॅमल ऑडिओ ही कंपनी २०१५मध्ये अ‍ॅपलने घेतली आणि तिचा अल्केमी सिंथ (सॉफ्टवेअर वाद्य) पुढे फक्त लॉजिकसारख्या अ‍ॅपलच्याच सॉफ्टवेअरच्या आत उरला. अर्धा अल्बम ज्या आवाजांवर उभा होता ते आवाज नाहीत म्हटल्यावर 'पुन्हा करू' असं ठरतं, आणि ते पुन्हा होत नाही.

हार्डवेअर टिकतं असा समज आहे. यामाहा डीएक्स७ या सिंथमध्ये साठवलेले आवाज आतल्या सीआर२०३२ बॅटरीवर जगतात. ती संपली की ३२ही आवाज जातात. मिडी केबलवरून (वाद्य संगणकाला जोडणाऱ्या) त्यांची प्रत काढता येते आणि ती अवघी ४१०४ बाइटची असते, तरी कुणी काढत नाही. रोलँड जूनो-१०६ या सिंथमध्ये फिल्टर आणि पातळी सांभाळणाऱ्या सहा चिपांवर इपॉक्सीचं आवरण आहे. कालांतराने ते आवरणच चिपचा घात करतं आणि एखादा आवाज मुका होतो किंवा चिटकून राहतो.

मग गाणं 'गोठवून' कसं ठेवायचं?

मिक्स झाला त्याच आठवड्यात, पुढच्या महिन्यात नाही:

१. प्रत्येक चॅनेल पहिल्या बारपासून, सगळ्यांची लांबी एकसारखी ठेवून, २४-बिट वेव्ह फाइल म्हणून काढा. सॅम्पल रेट प्रोजेक्टचा आहे तोच ठेवा.

२. शेवटी रिव्हर्ब (घुमणारा आवाज) विरेपर्यंत जागा सोडा. इथे घाई झाली की शेपूट कापलं जातं.

३. रिव्हर्ब-डिले वेगळे काढा आणि कोरडे (इफेक्ट नसलेले) चॅनेल वेगळे. मास्टर चॅनेलवरचा लिमिटर (आवाज मर्यादेत दाबणारा) बंद.

४. मिडी फाइल (वाजवलेल्या सुरांची नोंद) काढा. सोबत एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये टेम्पो, तो कुठे बदलतो, प्लगइनची नावं, आवृत्त्या आणि प्रीसेट लिहा. प्लगइनच्या खिडकीचा स्क्रीनशॉट लिहिण्यापेक्षा पटकन होतो.

५. तपासा. कोऱ्या प्रोजेक्टमध्ये सगळे स्टेम आणा, फेडर शून्यावर ठेवा, लिमिटरशिवाय काढलेला मूळ मिक्स पोलॅरिटी उलटून (लाटेचा वर-खाल उलटा करून) त्यावर लावा. शांतता पसरली तर काहीही राहिलेलं नाही. मास्टरवर कॉम्प्रेसर असेल, किंवा एखादा सिंथ दर वेळी थोडा वेगळा वाजत असेल, तर पूर्ण शांतता मिळणार नाही. तिथे कानावर विश्वास ठेवा.

जागेचा बाऊ करू नका. २४-बिट, ४८ किलोहर्ट्झचा एक स्टिरिओ स्टेम मिनिटाला सुमारे १७ एमबी घेतो. पाच मिनिटांचं गाणं, ३० स्टेम, म्हणजे साधारण २.६ जीबी, दहा गाण्यांचा अल्बम २६ जीबी. तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक प्रत दुसऱ्या सदस्याच्या घरी. वर्षानुवर्षं वीज न मिळालेल्या एसएसडीवर भरवसा ठेवू नका. कपाटात ठेवायची प्रत साध्या हार्ड डिस्कवर काढा आणि वर्षातून एकदा उघडून बघा.

एक जण सोडून गेला. गाणी कुणाची?

दोन वेगळे हक्क असतात: रचनेचा आणि ध्वनिमुद्रणाचा. कागद नसेल तर काय होतं हे देशादेशांत वेगळं आहे, आणि इलेक्ट्रॉनिक संगीतात प्रश्न आणखी गुंततो. बेसचा आवाज ज्याने घडवला तो रचनाकार की वादक? याचं उत्तर गाणं झाल्या दिवशी सगळे हसत देतात. तीन वर्षांनी तेच उत्तर वकिलाकडून मागावं लागतं. एका पानावर लिहा: गाण्याचं नाव, प्रत्येकाचा वाटा (बेरीज १००), मास्टर (मूळ ध्वनिमुद्रण) कुणाचं, बँडचं नाव कोण वापरू शकतो, आणि एक जण गेल्यावर उरलेल्यांनी जुनी गाणी वाजवायची का. शेवटचा मुद्दा गायिका किंवा गायक असलेल्या बँडना हमखास नडतो.

सॅम्पलमुळे कुणी खरंच थांबलंय?

केएलएफच्याच मंडळींनी १९८७मध्ये दुसऱ्या नावाने काढलेला पहिला अल्बम अ‍ॅबाच्या सॅम्पलमुळे मागे घ्यावा लागला होता. ऑस्ट्रेलियाच्या अ‍ॅव्हलांचेसचा पहिला अल्बम २०००चा, दुसरा २०१६चा. त्या विलंबाला सॅम्पलच्या परवानग्या आणि आजारपण ही दोन्ही कारणं होती. सॅम्पल घेतलं त्याच क्षणी रेकॉर्ड, बाजू आणि सेकंद लिहून ठेवा. नंतर ते आठवत नाही.

लेबल बंद पडलं तर अल्बम परत कसा मिळवायचा?

करारात हक्क परत येण्याचं कलम आहे का बघा. मग लेखी मागा: मास्टर वेव्ह फाइल, मुखपृष्ठाची मूळ फाइल, आयएसआरसींची यादी, आणि रेकॉर्ड निघाली असेल तर कारखान्यात पडलेले धातूचे साचे कुणाच्या नावावर आहेत ते. नव्या डिस्ट्रिब्यूटरकडे चढवताना तेच आयएसआरसी, तंतोतंत तेच नाव आणि तीच ऑडिओ फाइल वापरा. नवी आवृत्ती दिसू लागल्यावरच जुनी उतरवायला सांगा. हा क्रम उलटा झाला की ऐकल्याचे आकडे आणि लोकांच्या प्लेलिस्टमधली जागा दोन्ही जाण्याची शक्यता असते. आयएसआरसी १२ अक्षरांचा असतो. मधे दिसणाऱ्या आडव्या रेघा त्याचा भाग नाहीत, भरताना त्या गाळा.

बँड गप्प आहे की दुसऱ्या नावाने काम करतोय?

या क्षेत्रात टोपणनावं पोत्याने असतात, तेव्हा आधी हेच तपासा. 'द नाइफ'मधली गायिका २००९पासून फीवर रे या नावाने वेगळं संगीत काढत होती. डिस्कॉग्ज किंवा म्युझिकब्रेन्झ या रेकॉर्डींची माहिती ठेवणाऱ्या संकेतस्थळांवर बँडचं नाव न शोधता श्रेयनामावलीतल्या माणसाचं नाव शोधा. मास्टरिंग, रीमिक्स, दुसऱ्यांच्या अल्बमवरचं सिंथ, असं बरंच सापडतं.

पाच वर्षांनी परत सुरू करायचंय. कुठून?

ईमेलपासून. बाकी सगळे पासवर्ड त्याच पत्त्यावर येतात, आणि तो पत्ता बँडच्या डोमेनवर असेल तर आधी डोमेन. मग डिस्ट्रिब्यूटर, मग दुकान, सोशल मीडिया सगळ्यांत शेवटी. अल्बमची घोषणा करू नका. स्टेम शाबूत असलेलं एक जुनं गाणं पूर्ण करून काढा आणि यंत्रणा चालते का ते बघा. मोठा निरोप समारंभ झालेला असेल तर कुरकुरीची तयारी ठेवा: एलसीडी साउंडसिस्टमने एप्रिल २०११मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनला निरोप घेतला, पाचेक वर्षांत ते परतले, आणि निरोपाला गेलेले काही चाहते रुसले. पुढचा अल्बम २०१७मध्ये आला.

आवडता बँड गप्प आहे. ऐकणाऱ्यांनी काय करावं?

दुकान उघडं असेल तर विकत घ्या आणि फ्लॅक किंवा वेव्ह (पूर्ण दर्जाची) फाइल त्याच दिवशी उतरवून घ्या. 'संग्रहात आहे' म्हणजे तुमच्याकडे आहे असं नव्हे. मायस्पेस या जुन्या सोशल साइटवर २०१५पर्यंत चढवलेलं संगीत सर्व्हर बदलताना गेल्याचं २०१९मध्ये समोर आलं. २००८ ते २०१० या काळातली सुमारे ४ लाख ९० हजार गाणी तेवढी इंटरनेट आर्काइव्हवर पोचली, कारण ती कुणीतरी आधीच उतरवून ठेवली होती. बँडला मेल लिहायचा असेल तर 'नवीन कधी?' असं विचारू नका. कोणतं गाणं कुठल्या पानावर सापडत नाही किंवा कुठली लिंक तुटली आहे ते लिहा. त्याला उत्तर यायची शक्यता जास्त.